पार्सल पुन्हा पुन्हा फुटतंय? फुटकं खोकं फेकण्याआधी हे तपासा

मी मातीची भांडी घडवते आणि पार्सलने पाठवते. सुरुवातीला दर काही दिवसांनी ठरलेला फोटो यायचा: उघडलेलं खोकं, आत बबल रॅपमध्ये गुंडाळलेला कप आणि कपापासून वेगळा झालेला कान. मग मीही ठरलेल्या गोष्टी करायचे. माल नेणाऱ्याला मनातल्या मनात चार शब्द सुनवायचे, बदली कप काढायचे आणि त्याला बबल रॅपचा आणखी एक वेढा द्यायचे. कान तुटायचे काही थांबेनात. एका कपाला तर मी चांगले सहा वेढे दिले, इतके की तो खोक्यात दाबून कोंबावा लागला. तोही फुटला, आणि तोही कानाशीच. का, ते पुढे येईल.

हल्ली ओळखीपाळखीचे लोक आपापल्या फुटक्या पार्सलांचे फोटो मला पाठवतात. कोणाची फ्रेम असते, कोणाची बरणी, कोणाचा दिवा. वस्तू निरनिराळ्या, पण चूक बहुतेक वेळा त्याच चार-पाच ठिकाणी सापडते. म्हणून हे एकदाचं लिहून ठेवते आहे. तपासण्या सोप्याकडून अवघडाकडे आणि फुकटाकडून खर्चाकडे अशा लावल्या आहेत. वरच्या सोडून थेट महागड्या फोमवर जाऊ नका. तो पैसा बहुतेक वेळा वाया जातो.

एक गोष्ट मात्र आधीच मान्य करून टाका. पार्सल पडणार आहे. कोणी मुद्दाम फेकेल म्हणून नव्हे. सरकत्या पट्ट्यावरून उतारावर, उतारावरून ढिगात आणि ढिगातून गाडीत, असा त्याचा प्रवासच असतो. 'इस्टा' या आंतरराष्ट्रीय संघटनेची पॅकिंगची एक अगदी प्राथमिक चाचणी आहे, १ए नावाची. तिच्यात साधारण १० किलोच्या आतलं पार्सल ७६ सेमीवरून दहा वेळा पाडतात: एकदा एका कोपऱ्यावर, तीनदा त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या कडांवर आणि सहा वेळा सहा बाजूंवर. टेबलाच्या उंचीवरून दहा वेळा, आणि हीसुद्धा सुरुवातीची परीक्षा! 'जपून न्या' या भरवशावर बांधलेलं पार्सल तिथे नापास होतं.

लक्षणं

फुटकी वस्तू आली की पहिली घाई असते ती कचरा उचलायची. ती करू नका. खोकं, भरण, तुकडे, सगळं जसंच्या तसं राहू द्या आणि फोटो काढा. नुकसानभरपाईसाठी ते लागतंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय चुकलं ते तिथेच दिसतं. ज्याच्याकडे पार्सल पोचलं त्याला विचारायचे प्रश्न दोनच: खोक्याची अवस्था कशी आहे, आणि वस्तू नेमकी कुठे फुटली आहे.

खोकं बाहेरून नव्यासारखं आणि आत वस्तू फुटलेली, हे सगळ्यांत जास्त वेळा दिसतं. माल नेणाऱ्यावर सगळ्यांत जास्त राग याच वेळी निघतो, आणि दोष सगळ्यांत जास्त वेळा आपला असतो तोही याच वेळी. धक्का खोक्याने झेलला आणि तसाच आत पोचवला. मध्ये त्याला अडवायला काही नव्हतं.

खोक्याचा एक कोपरा चेपलाय आणि वस्तूही त्याच बाजूला फुटली आहे, तर ती भिंतीला फार जवळ होती. खोक्याचं झाकण खचलंय, बाजू फुगल्या आहेत, तर वर दुसरा माल रचला गेला आणि खोक्याला तो पेलला नाही. खालून टेप सुटून तळ उघडला असेल तर दोष टेपचा किंवा वजनाचा. दोन भांडी एकत्र पाठवली होती आणि दोघांच्या काठांचे टवके समोरासमोर उडाले आहेत, तर ती एकमेकांवर आपटली. बाहेरच्या धक्क्याशी त्याचा फारसा संबंध नाही. कान, तोटी, झाकणाची गाठ असे बाहेर आलेले भागच तेवढे गेले असतील तर गुंडाळण्याची पद्धत चुकली. काही फुटलं नाही, पण रंग घासलाय, स्क्रू सैल झालेत, काचेवर बारीक ओरखडे आहेत, तर तो गाडीच्या सततच्या थरथरीचा परिणाम. आणि पुठ्ठा मऊ, लिबलिबीत लागत असेल तर त्याला ओल लागली आहे.

आपलं लक्षण ओळखलंत की खालची निम्मी यादी गाळता येईल. तरी पहिली तपासणी सगळ्यांनी करा.

हलवून बघा

याला अर्धं मिनिट लागतं. पार्सल टेप लावायच्या आधी झाकण बंद धरून हलवा: पुढे-मागे, डावी-उजवी, वर-खाली. आत काही सरकल्याचा आवाज आला किंवा हाताला जाणवलं, तर ते पार्सल तयार नाही. मग आणखी एक करा, हे फारसं कोणी करत नाही. खोकं उलटं करून टेबलावर ठेवा, दहा-बारा वेळा हलकेच आपटा, सरळ करा आणि उघडून बघा. वस्तू होती तिथेच आहे का? की तळाच्या किंवा बाजूच्या भिंतीला जाऊन टेकली आहे?

हे महत्त्वाचं का, तर गाडी तासन्‌तास थरथरत असते आणि त्या थरथरीने भरण खाली बसतं, धान्याचं माप हलवलं की खाली बसतं तसं. घरी बांधताना अर्धा सेंटीमीटर असलेली पोकळी पोचेपर्यंत दोन-तीन सेंटीमीटर होते. तेवढ्यात वस्तूला आत स्वतःची धाव घ्यायला जागा मिळते. सुटे फोमचे दाणे यात सगळ्यांत बेभरवशाचे. हलक्या वस्तूंना ते चालतात, पण जड भांडं त्यांच्यातून हळूहळू खाली उतरतं आणि शेवटी थेट पुठ्ठ्यावर बसतं. वर दाण्यांचा छान ढीग, खाली शून्य.

उपाय साधा आहे. कागद चुरगाळून भरताना तो सैल गोळा करून टाकू नका. घट्ट चुरगाळा आणि कोपऱ्यांत आधी दाबा. झाकण मिटताना हाताला किंचित विरोध जाणवला पाहिजे. झाकण फुगून वर येत असेल तर मात्र अति झालं.

खोकं दाबून बघा

खोकं फेरवापराचं असेल तर चारही उभ्या कडांवरून बोट फिरवा. वरून येणारा भार मुख्यतः या उभ्या कडा आणि कोपरेच पेलतात. मधली भिंत फार कमी. एकदा चेपलेला कोपरा हाताने सरळ केला की दिसायला बरा दिसतो, पण आतली पन्हळ मोडलेली असते आणि ती पुन्हा उभी राहत नाही. असं खोकं घरातलं सामान भरायला ठेवा.

पुठ्ठ्याला ओल मुळीच चालत नाही. दमट हवेत राहिलेलं खोकं कोरड्या खोक्याच्या निम्म्याच्या आसपास भार सोसतं, आणि हे त्याच्याकडे नुसतं बघून कळत नाही. मी माझी खोकी जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवायचे. खालच्या थरातली बरोबर नेहमी खचायची. फळीवर ठेवायला लागल्यावर ती तक्रार गेली. याला खर्च शून्य आला.

तीन प्लायचं, म्हणजे कागदाच्या तीन थरांचं, खोकं साधारण हलक्या मालाला पुरतं. वस्तू जड असेल, किंवा हलकी पण महाग असेल, तर पाच प्लाय घ्या. त्यात पन्हळीचे दोन थर येतात. गंमत म्हणजे पन्हळी पुठ्ठा मुळात खोक्यांसाठी जन्मला नाही. १८७१ मध्ये अल्बर्ट जोन्स यांनी न्यूयॉर्कमध्ये त्याचं पेटंट घेतलं ते बाटल्या आणि कंदिलांच्या काचा गुंडाळायला. खोकं झाला तो नंतर. म्हणून जुन्या खोक्याचा पुठ्ठा कापून आत उभे पडदे लावायला कमीपणा वाटून घेऊ नका. तो त्याचा मूळ धंदा आहे.

जुन्या खोक्यावरची पत्त्याची चिठ्ठी आणि बारकोड पूर्ण काढा, नाहीतर खोडा. यंत्राने जुना बारकोड वाचला की पार्सल भलत्या गावाला जातं, परत येतं, आणि तेवढ्या वेळा जास्त पडतं.

टेप

याचं थोडक्यात. टेप साधारण ५ सेमी रुंदीची पॅकिंगची हवी. कागदी मास्किंग टेप किंवा कार्यालयातली अरुंद सेलोटेप नको. मधल्या फटीवर एक पट्टी, दोन्ही टोकांच्या कडांवर एकेक आडवी, वर आणि खाली दोन्हीकडे. पट्टी कोपऱ्याखाली निदान ५-७ सेमी उतरू द्या. पुठ्ठ्यावर धूळ असेल तर आधी पुसा, कारण टेप धुळीला चिकटते, पुठ्ठ्याला नाही. थंडीत डिंक कडक होतो, तेव्हा टेप आणि खोकं दोन्ही उबदार खोलीत ठेवून मग लावा आणि तळहाताने घासा. वरून सुतळी बांधू नका. ती यंत्राच्या पट्ट्यात अडकते आणि पार्सल ओढलं जातं.

गुंडाळण्याची पद्धत

इथे थोडं थांबू, कारण माझे कप इथेच फुटत होते.

कप पूर्ण गुंडाळला की बाहेरून गोळा दिसतो, पण आत त्याचा कान हा सगळ्यांत बाहेर आलेला भाग असतो. पार्सल त्या बाजूवर पडलं की सगळ्या कपाचं वजन आधी कानावर येतं. वेढे वाढवले तरी कानच पुढे राहतो. शिवाय मी तो खोक्यात दाबून बसवला होता, म्हणजे फुगे आधीच दबलेले होते आणि धक्का झेलायला त्यांच्यात काही उरलं नव्हतं. सहा वेढ्यांचा उपयोग एवढाच झाला की तुकडे नीट एकत्र राहिले.

आता मी असं करते. कान आणि कपाचं अंग यांच्यामधली पोकळी कागदाच्या घट्ट गुंडाळीने भरते. मग कानाभोवती बाहेरून कागदाची जाड वळी लावते, इतकी की कान अंगापासून वेगळा जाणवणार नाही. कपाच्या पोटातही कागद, काठापर्यंत. त्यानंतर बबल रॅपचे दोन वेढे, बस. भार कानावर न राहता सगळ्या अंगावर पसरतो. किटलीची तोटी, पुतळीचा हात, फुलदाणीचा नाजूक गळा, सगळ्यांना हीच रीत. झाकण असेल तर ते वेगळं गुंडाळा. भांड्यावर बसवून वरून टेप मारलेलं झाकण प्रवासभर काठावर टकटक करत राहतं.

ताटल्या कधीही आडव्या रचू नका. एकावर एक आडव्या ठेवल्या की पडताना वरच्या सगळ्यांचं वजन खालचीच्या मध्यावर येतं, आणि ताटली मध्यावरच कमजोर असते. कडेवर उभ्या ठेवा, प्रत्येकीमध्ये पुठ्ठा किंवा फोमचा तुकडा घालून. कडेवर त्या आश्चर्य वाटावं इतक्या टिकतात.

काचेच्या फ्रेमवर मास्किंग टेपची फुली मारतात, ती काच वाचवायला नव्हे. काच फुटलीच तर तुकडे सुटून चित्र फाटू नये म्हणून. खरं संरक्षण म्हणजे फ्रेमपेक्षा थोडे मोठे दोन कडक पुठ्ठे, दोन्ही बाजूंनी, आणि कोपऱ्यांना जाड टोप्या. काचेच्या मध्यावर कशाचाही दाब नको. जमत असेल तर काच काढून ॲक्रिलिकचा पत्रा घाला, निम्मी चिंता तिथेच मिटते.

बबल रॅपचे फुगे आत की बाहेर, हा वाद मी कितीदा ऐकलाय. साधारणपणे आत. पण वार्निश, तैलरंग, पॉलिश अशा पृष्ठभागावर फुग्यांचे गोल वळ उठतात, आणि तेही पोचल्यावरच दिसतात. तिथे आधी मऊ, कोरा कागद, मग बबल. वर्तमानपत्र भरण म्हणून चालतं. वस्तूला लागून नको, शाई लागते आणि चकाकी नसलेल्या मातीतून ती निघत नाही. (हे बबल रॅप १९५७ मध्ये आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान या दोघांनी बनवलं ते भिंतीला चिकटवायचा उठावदार कागद म्हणून. भिंतीवर तो कोणाला नको होता.)

द्रव पदार्थाची बाटली असेल तर ती काठोकाठ भरू नका, झाकणावर टेप फिरवा आणि बाटली बंद पिशवीत घाला. विमानात हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो, आतली हवा फुगते आणि झाकणातून वाट काढते. पार्सल न पडताही गळू शकतं ते यामुळे.

दोन वस्तूंमधली जागा

एका खोक्यात दोन भांडी असतील तर ती शेजारी नाहीत, शत्रू आहेत असं समजा. प्रत्येक वेगळं गुंडाळायचं आणि मध्ये पुठ्ठ्याचा उभा पडदा. दोन्ही गुंडाळली आहेत म्हणून पडदा नको, असं वाटतं. पण जड वस्तू हलकीला दाबत राहते आणि थरथरीत मधला थर सरकतो. जड वस्तू तळाशी, हलकी वर, हे वेगळं सांगायला नको.

वस्तू आणि भिंत यांमधलं अंतर

आता थोडा हिशेब. ७६ सेमीवरून पडणारं पार्सल जमिनीला टेकताना ताशी जवळजवळ १४ किमी वेगात असतं. तो वेग किती अंतरात शून्यावर येतो, यावर सगळं अवलंबून आहे. वस्तू थेट पुठ्ठ्याला टेकलेली असेल तर थांबायला मिळतात पुठ्ठ्याच्या जाडीचे फार तर ३ मिमी. ७६ सेमी भागिले ०.३ सेमी, म्हणजे वस्तूला तिच्या वजनाच्या सरासरी अडीचशे पट झटका बसतो. बबल रॅपच्या एका पातळ थरात ५ मिमी मिळाले तर दीडशे पट. आणि ५ सेमीची गादी असेल, त्यातली निम्मी जरी दबली, तर अडीच सेमी अंतर मिळतं आणि झटका तीस पटींवर येतो. प्रत्यक्षातला सर्वोच्च झटका सरासरीपेक्षा जास्त असतो, पण प्रमाण हेच राहतं.

पॅकिंगवाले सगळ्या बाजूंनी ५ सेमी, दोन इंच, सांगतात ते यासाठी. सगळ्या म्हणजे सहाही बाजूंनी; लोक तळ विसरतात. आधी तळात ५ सेमीची गादी, तिच्यावर वस्तू, मग बाजू, मग वर.

जाडी बरोबर असूनही फुटत असेल तर गादीचा कडकपणा बघा. हे मला कळायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. गादी दबली तरच काम करते. अडीचशे ग्रॅमच्या पातळ ग्लासाखाली कडक थर्मोकोलचा ठोकळा ठेवला तर ग्लासाच्या वजनाने तो दबतच नाही. ग्लासाच्या दृष्टीने ती फरशीच. उलट सात-आठ किलोच्या दगडी मूर्तीखाली मऊ स्पंज ठेवला तर तो पहिल्याच पडण्यात तळापर्यंत बसतो आणि मूर्ती पुठ्ठ्यावर आदळते. हलक्याला मऊ, जडाला घट्ट. वस्तू गादीवर ठेवून तळहाताने दाबा: थोडी खाली जाऊन परत वर आली तर ठीक, हललीच नाही किंवा तळाला टेकली तर सामान बदला. मोठ्या फुग्यांचं बबल आणि पांढरा लवचीक ईपीई फोम बहुतेक घरगुती वस्तूंना जमतो. छोट्या फुग्यांचं बबल पृष्ठभाग जपायला आहे, गादी म्हणून त्यावर विसंबू नका.

मोठं खोकं घेणं

इथून खिशाला झळ बसायला लागते. ५ सेमीचा हिशेब लावला की खोकं मोठं होतं, आणि कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानी वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. आकारमानी वजनाचं बऱ्याच ठिकाणचं सूत्र: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५०००ने भागायचं. ३० × २० × २० चं खोकं २.४ किलो धरलं जातं. प्रत्येक मापात ५ सेमी वाढवा, ३५ × २५ × २५, तर जवळजवळ ४.४ किलो. आत कप तोच.

म्हणून लोक खोकं लहान घेतात. मीही घ्यायचे. वाचवलेले पैसे आणि बदली पाठवलेल्या कपांचा खर्च एका कागदावर समोरासमोर लिहिला तेव्हा तो प्रकार थांबला. मात्र उलट टोकालाही जाऊ नका. गरजेपेक्षा फार मोठ्या खोक्यात पोकळी जास्त, भरण जास्त आणि ते खाली बसण्याची शक्यताही जास्त.

खोक्यात खोकं

वरचं सगळं करूनही फुटत असेल, किंवा वस्तू पुन्हा बनणारी नसेल, तर हे करा. वस्तू गादीसकट छोट्या खोक्यात, ते टेपने बंद, आणि ते खोकं मोठ्या पाच प्लाय खोक्यात सगळ्या बाजूंनी ७-८ सेमी भरण घालून. बाहेरचं खोकं भोकं आणि दाब झेलतं, मधलं भरण पडण्याचा धक्का खातं, आतलं खोकं वस्तूला कोंदणासारखं धरून ठेवतं. तिघांची कामं वेगळी आहेत. लोक चूक करतात ती आतलं खोकं बाहेरच्यात घट्ट बसवण्याची. मग दोन खोकी नसतात, एकच जाड खोकं असतं.

पाडून बघा

बाजाराला न जाणारा, डाग पडलेला, वाकडा एखादा नग प्रत्येकाकडे असतो. तो नेहमीसारखा बांधा आणि टेबलाच्या उंचीवरून वर सांगितलेल्या क्रमाने दहा वेळा पाडा. प्रत्येक वेळी उघडू नका, शेवटी एकदाच. पहिल्यांदा छाती धडधडते. पण पोचलेल्या पार्सलाचा फोटो बघण्यापेक्षा हे बरं, कारण चूक आपल्याच फरशीवर सापडते आणि त्याच संध्याकाळी सुधारता येते. माझ्या बांधणीतला कच्चा दुवा, म्हणजे तळाची पातळ गादी, अशाच चाचणीत दिसला. दहाव्या वेळेनंतर कप शाबूत होता, पण तळात गादीऐवजी कागदाची पापडी उरली होती.

ठरावीक मर्यादेपेक्षा जोराचा धक्का बसला की लाल होणारी पट्टीही मिळते. महागड्या यंत्रांच्या पार्सलवर ती कामाची. कपावर लावली तर पट्टीच कपापेक्षा जास्त जपावी लागेल.

'नाजूक' च्या चिठ्ठीबद्दल सगळे विचारतात. लावा, बिघडत काही नाही. काचेचा पेला, छत्री, वर दाखवणारे दोन बाण, या खुणा आयएसओ ७८० या मानकात ठरलेल्या आहेत आणि कोणत्याही भाषेच्या माणसाला कळतात. पण पार्सल बराच काळ यंत्रांच्या हातात असतं आणि यंत्र पेला बघत नाही. चिठ्ठी लावली म्हणून आतलं भरण एका मुठीनेही कमी करू नका.

कुठे थांबायचं

काही गोष्टी मी स्वतः बांधत नाही आणि तुम्हीही बांधू नयेत. झुंबर, मोठा आरसा, संगमरवरी पाट, मत्स्यपेटीसारखी मोठी काच, मूळ तैलचित्र, जुनं तंतुवाद्य, घरात पिढ्यान्‌पिढ्या असलेली आणि आधीच तडा गेलेली वस्तू: यांना मोजून बनवलेली लाकडी पेटी आणि कापलेला फोम लागतो. ते कलावस्तू किंवा यंत्रं बांधणाऱ्यांचं काम आहे. पेटी परदेशी जाणार असेल तर लाकूडही साधं चालत नाही. लाकडातून कीड पसरू नये म्हणून असलेल्या आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे प्रक्रिया केलेलं आणि तसा शिक्का असलेलं हवं. उष्णतेची प्रक्रिया असेल तर लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं राहावं लागतं. शिक्का नसलेली पेटी सीमेवर अडते. एका माणसाला सहज उचलता येत नाही इतकं वजन असेल तरीही थांबा, कारण जे उचलता येत नाही ते ढकललं आणि लोळवलं जातं.

लिथियम बॅटरी, स्प्रे, ज्वलनशील रंग यांचा प्रश्न फुटण्याचा नसतो, आगीचा असतो. त्यांना किती गादी लावावी हा विचारही करू नका. वाहतूक कंपनीला वस्तू स्पष्ट सांगा आणि ती म्हणेल तसंच करा.

आणि एका मार्गावर, एकाच प्रकारे, चाचणीत पास झालेली तीन पार्सलं सलग फुटली असतील, तर आता पॅकिंगमध्ये शोधत बसू नका. तो मार्ग किंवा ती सेवा बदला.

भरपाई मागायची असेल तर वेळ बघा. आंतरराष्ट्रीय हवाई मालवाहतुकीला लागू होणाऱ्या १९९९ च्या माँट्रियल करारात नुकसानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांत करावी लागते, आणि पाठवणाऱ्याच्या सदोष पॅकिंगमुळे झालेल्या नुकसानीतून वाहतूकदाराला सूट मिळू शकते. इतर सेवांच्या मुदती त्यांच्या अटींत असतात, बहुतेक वेळा याहून कमी, पाठवण्याआधी वाचा. मी झाकण मिटण्याआधी तीन फोटो काढते: तळाची गादी, मध्ये बसलेली वस्तू आणि सगळं भरल्यावर वरून. चौथा, टेप लावलेल्या खोक्याचा, चारही कोपरे दिसतील असा.